अकराव्या खंडातला फर्मा

१२ जानेवारी २०२५, रविवार

...त्या सकाळीही नळाला पाणी पाचलाच आलं होतं. पाणी भरलं, सासूबाईंच्या पूजेची फुलं निवडली, एका शेगडीवर दूध ठेवलं, दुसरीवर मैद्याची खळ. खळीत मोरचूद टाकायला मी कधी विसरत नसे, नाहीतर वर्षभरात पुस्तकाला कसर लागते. एका हाताने खळ ढवळत दुसऱ्या हाताने फर्मे जुळवत होते. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. घड्या क्रमाने लावायच्या, मग शिवायच्या, मग पुठ्ठा चढवायचा. हैद्राबादला गौलीगुड्यात पुढे ह्यांचं बाइंडिंगचं दुकान, मागे आमचं घर. तेव्हा शिलाईपर्यंतचं काम माझ्याकडेच असायचं. त्या दिवशी एका वकीलसाहेबांचे दोन खंड होते. कागद एक, अक्षर एक. दूध उतू गेलं, मी धावले. परत आले आणि पहिल्या खंडाचा शेवटचा फर्मा दुसऱ्याला लावला, दुसऱ्याचा पहिल्याला.

चार महिन्यांनी वकीलसाहेब दोन्ही खंड बगलेत मारून दुकानात. "भगवंतराव, ये क्या किए आप?"

हे म्हणाले, "माझ्या हातून झालं, साब."

मी पडद्यामागे सुई धरून बसले होते. संध्याकाळी हे मला एवढंच म्हणाले, "पान एकही हरवलं नव्हतं. दोन्ही खंड त्यांच्याच कपाटात राहिले असते तर जन्मभर कळलं नसतं. एक खंड त्यांनी दुसऱ्याला वाचायला दिला, तिथं घोटाळा झाला."

चाळीस वर्षांनी हे आज का आठवावं? मुलाचा, चिन्मयचा, फोन आला म्हणून. ऑक्टोबरात मानसीचं तिसरंही पोटातच गेलं. त्यानंतर डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांचं रक्त तपासलं. सुनेचं सगळं ठीक निघालं. चिन्मयच्या गुणसूत्रांत अकराव्याचा एक तुकडा बाविसाव्याला जोडलेला, बाविसाव्याचा अकराव्याला.

"आई, कमी काही नाही, जास्त काही नाही. नुसती जागा बदललीये. म्हणून मला स्वतःला काही त्रास नाही. मूल होताना घोटाळा होतो."

"हौ," म्हटलं, "फर्मे बदलले."

"काय?"

"काही नाही. ते तुझ्या बाबांकडून आलंय."

इतकं सहज म्हणाले, जणू नाक कुणावर गेलंय ते सांगत होते!

"तुला कसं माहीत?"

"मला माहीत आहे. जेवलास का?"

१३ जानेवारी, सोमवार

लिहून ठेवते, कारण हे माहीत असलेली आता मी एकटी उरले. आणि वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण पद्मावती. पण त्यांना ते मान्यच नाही, म्हणजे त्या धरायच्या नाहीत.

लग्नानंतर पाच वर्षांत माझी दोन गेली. एक तिसऱ्या महिन्यात, एक चौथ्यात. सासूबाई बोलायच्या. रोज नाही. रोज बोलल्या असत्या तर सवय झाली असती. सणासुदीला बोलायच्या, चार बायका जमल्या की. शहाऐंशी साली एका डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांचं रक्त घेतलं. "पुरुषाचं कशाला?" सासूबाईंनी विचारलं होतं. रिपोर्ट आणायला हे एकटेच गेले. त्या दिवशी सासऱ्यांचं श्राद्ध होतं, मी वड्यांच्या पिठात कोपरापर्यंत.

परत आले. चपला काढल्या, बसले नाहीत. उभ्याउभ्याच आईला म्हणाले, "दोष माझ्यात आहे. तिच्यात काही नाही. ह्यापुढे तिला एक शब्द बोलायचा नाही."

"कागद दाखव."

"मुशीत टाकला."

अफझलगंजच्या पुलावरून, नदीत. खरंच टाकला होता. मी खिसे पाहिले.

सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हकिमाकडून ह्यांच्यासाठी माजून नावाचं औषध आणलं. काळंकुट्ट, डांबराच्या वासाचं. रोज उपाशीपोटी एक चमचा, अकरा महिने! हे चमचा चाटून माझ्याकडे बघायचे आणि मी पदर तोंडावर धरून हसायचे. त्याच आठवड्यात सासूबाईंनी स्वतःच्या सोन्याच्या पाटल्या उतरवून माझ्या हातात चढवल्या. "पद्मीसाठी ठेवल्या होत्या. तू घे. तुला फार बोलले." वन्संना हे कळायला एक दिवस लागला. तेव्हापासून त्या घरात शिरल्या की आधी माझे हात बघतात, मग तोंड. हे गेल्यावर मी पाटल्या डब्यात टाकल्या. नोव्हेंबरात दोन वर्षं झाली. तरी वन्सं हात बघतातच.

त्यानंतर आणखी एक गेलं, आणि मग नव्वद साली चिन्मय. एकदाचा.

ह्यांना मी त्यावरून कधी काही बोलले नाही. एवढा एक गुण माझ्यात आहे. — चारदा बोलले असेन. चाळीस वर्षांत चारदा म्हणजे न बोलल्यासारखंच.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. चिन्मय-मानसी कोंडापूरहून आले, वन्संही आल्या. गूळपोळीचा पहिला घास घेऊन त्यांनी निकाल दिला, "मानसीच्या पत्रिकेत नागदोष आहे."

"गुण एकोणतीस जुळले होते, वन्सं. तुम्हीच मोजले होते."

"गुण मोजले गं. नाग कोण मोजतो?"

उपाय तयार होता. शिवरात्रीपासून अठ्ठेचाळीस दिवस पिंपळाखालच्या नागाच्या दगडांना ओलेत्याने प्रदक्षिणा. शेजारच्या तेलुगू बाईंच्या सुनेला गुण आला म्हणे. मानसी सकाळी आठला लॅपटॉप घेऊन ऑफिसला निघते. ओली निघायची बहुतेक.

मी चिन्मयकडे बघितलं. तो फोनकडे बघत होता. "बघू, आत्या."

मानसी बोटाला चिकटलेला तीळ काढत बसली. पुण्याची पोर. ऑफिसात म्हणे तीस माणसं तिला विचारून काम करतात. तिला माहीत, दोष कुठे आहे. चिन्मयला माहीत. मला माहीत. आम्ही तिघांनीही आणखी एकेक पोळी घेतली.

जाताना चिन्मय कानात, "आई, प्लीज, आत्याला सांगू नकोस. उगीच सगळ्या हैद्राबादभर होईल."

१८ जानेवारी, शनिवार

अफझलगंजच्या लायब्ररीत गेले. मराठीतलं जीवशास्त्राचं जुनं कॉलेजचं पुस्तक मिळालं. काउंटरवरचा म्हणाला, "अम्मा, ये तो बच्चों के कोर्स की किताब है. आप क्या करते इसका?"

"पढ़ते," म्हटलं.

माझं शिक्षण उदगीरकडच्या खेड्यात सातवीपर्यंत. बाकी सगळं दुकानात. पाठ मोडलेली पुस्तकं बांधायला यायची, ती परत जायच्या आत मी वाचायचे. पुष्कळांची शेवटची पानं नसायची. निदान पंधरा पुस्तकांत खून कुणी केला ते मला अजून ठाऊक नाही.

हे पुस्तक घरी आणून उलटं केलं तर पाठीवरची सोनेरी अक्षरं ह्यांची! 'जीवशास्त्र'मधला 'शा' किंचित वर गेलाय. ह्यांचा 'शा' नेहमी वर जायचा. बराच वेळ पुस्तक उघडलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

उघडलं. प्रकरणाचं नाव 'अर्धगुणसूत्री विभाजन'. एकदा वाचलं, काही कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं तर भात लागला. तिसऱ्यांदा आमच्या भाषेत लिहून काढलं, ते असं.

माणसाच्या प्रत्येक पेशीत तेवीस खंडांचा एक ग्रंथ. प्रत्येक खंडाच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. सगळे मिळून सेहेचाळीस. आता दोन माणसांनी आपापले सेहेचाळीस आणून एकत्र केले तर मूल ब्याण्णवांचं होईल, नातू एकशे चौऱ्याऐंशींचा. कपाट फुटेल. म्हणून बीज तयार होताना आधी निम्मं करायचं. प्रत्येक खंडाची एकच प्रत पुढे पाठवायची. तेवीस हिचे, तेवीस त्याचे, की पुन्हा सेहेचाळीस. म्हणजे मूल व्हायला नवरा-बायको एकत्र येण्याच्या आधी दोघांनाही एकेकटं अर्धं व्हावं लागतं. आम्हाला लग्नात सांगितलं होतं ते उलटंच होतं.

निम्मं करण्यापूर्वी एकाच खंडाच्या दोन प्रती शेजारी येतात आणि पानं बदलून घेतात. पान बाराच्या जागी पान बाराच. ही चूक नाही, हीच रीत! म्हणून दोन भावंडं एकसारखी नसतात. वन्सं आणि हे एका आईची मुलं आहेत, हे मला आज पहिल्यांदा शास्त्राने पटलं.

पण अदलाबदल त्याच खंडात हवी. चिन्मयच्या एका अकराव्याचा फर्मा एका बाविसाव्याला गेलाय. त्याच्या स्वतःच्या कपाटात सगळं आहे, म्हणून तो धडधाकट. बाळाला मात्र एकेकच प्रत द्यायची. दोन्ही चांगल्या गेल्या तर उत्तम. दोन्ही बदललेल्या गेल्या तरी बाळ बापासारखं, ठीक. एक चांगली आणि एक बदललेली गेली, की बाळाकडे एक फर्मा कमी आणि एक जास्त. मग ते थांबतं. तिसऱ्या महिन्यात, चौथ्यात.

म्हणजे ती माझी तीन अशी थांबली. नवस चुकला नव्हता. माझ्या पायगुणाचाही काही संबंध नव्हता.

२१ जानेवारी, मंगळवार

वाचते आहे. कपडे भिजतच राहिले.

२५ जानेवारी, शनिवार

आज जे वाचलं ते कुणाला तरी सांगायला हवं होतं. हे असते तर पुठ्ठा कापता कापता "हं, हं" केलं असतं.

पुरुषाचं हे काम वयात आल्यावर सुरू होतं, ते म्हातारपणापर्यंत. दुकान रोज उघडं. बाईचं तसं नाही. बाई स्वतः आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या सगळ्या बीजांत निम्मं करायला सुरुवात होते — आणि मध्येच काम थांबतं! तशीच अर्धवट ती जन्माला येते. वयात आल्यावर महिन्याला एखादं बीज हाती घेतलं जातं, आणि शेवटचा टाका पडतो तो पुरुषाचं बीज आत आल्यावर. नाही आलं तर काम अपुरंच.

म्हणजे चिन्मय ज्यातून झाला ते बीज माझ्या आईच्या पोटात, मी जन्मायच्या आधी, शिवायला घेतलेलं होतं. अठ्ठावीस वर्षं फर्मे जुळवून ठेवलेले, धागा ओवलेला, आणि कुणीतरी उठून दूध बघायला गेलेलं.

मला हसू आलं. मग नाही आलं.

२ फेब्रुवारी, रविवार

वन्संकडे काचीगुड्याला हळदीकुंकू. मी स्वयंपाकघरात, तिळगुळाचे पुडे भरायला. विधवेच्या हातचे पुडे चालतात, विधवेच्या हातचं कुंकू चालत नाही. दोन वर्षांत हा हिशोब मला पाठ झालाय. वाईट वाटत नाही. पुडे भरताना बसायला तरी मिळतं.

वन्संची काचेची बांगडी दाराला लागून फुटली. त्यांचे हात आता जाड झालेत. मी साबण घेऊन पुढे झाले, "आणा, मी चढवते."

"राहू दे गं. मानसी चढवेल."

मानसीने हात पुढे केला. तेवढ्यात वन्संच्या काय लक्षात आलं कोण जाणे. "नको, तूही राहू दे. ईशा, तू ये बाई." ईशा शेजारणीची मुलगी, सातव्या महिन्यातली. ती बिचारी पोट सांभाळत आली. तिने बांगडी चढवली. मानसी हात पुसायला आत आली. हात कोरडेच होते.

संध्याकाळी चिन्मय घ्यायला आला. जांबागेत, मी आता राहते तिथं, दारात गाडी थांबली, तरी मी उतरले नाही.

"तुझ्या बायकोच्या हातची बांगडी आज चालली नाही," म्हटलं. "तुझ्या बाबांनी काय केलं होतं, ऐक." आणि सगळं सांगितलं. श्राद्ध, रिपोर्ट, मुशी, माजून. "चपला काढून आईपुढे उभे राहिले. म्हणाले, दोष माझ्यात आहे. तो माणूस दुकानात गिऱ्हाइकाशी मान वर करून बोलत नव्हता!"

"आई, तो जमाना वेगळा होता."

"हौ, वेगळा होता. कठीण होता."

मानसी पुढच्या सीटवर. मान वळवली नाही. चिन्मयने गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. मी उतरले.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं! स्वतःहून. मला आणि मानसीला घेऊन गेला काचीगुड्याला. बूट न काढताच आत गेला.

"बूट!" वन्सं ओरडल्या.

तो मागे आला, बूट काढले, पुन्हा गेला. त्यात धीर निम्मा झाला असेल. तरी म्हणाला, "आत्या, मानसीत काही नाही. दोष माझ्यात आहे. बाबांच्याकडून आलाय. प्रदक्षिणा वगैरे काही नाही."

मानसीने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. माझ्या पोराचा मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. तसा तो बापावरच गेलाय.

वन्सं माझ्याकडे वळल्या. "पुन्हा माझ्या भावाच्या माथी! जिवंतपणी सोडलं नाहीत, मेल्यावर तरी सोडा. आमच्या आईला आम्ही सात. एक वाया गेलं नाही. माझी तीन, एक वाया नाही. कुठनं आलं गं ह्याच्यातच? तो कागद कुणी पाहिला? तू पाहिलास?"

"त्यांनी स्वतः सांगितलं, वन्सं."

"तो काय! तो काहीही सांगेल." आणि रडायला लागल्या. बहात्तर वर्षांची बाई. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "त्यात त्यांचा काय दोष? असतं एखाद्याच्या रक्तात. मी कधी मनात ठेवलं नाही."

त्यांनी माझा हात झटकला.

घरी येताना वाटलं, माणसं किती हट्टी असतात! शास्त्र समोर ठेवलं तरी माहेरचा अभिमान सुटत नाही. असो. आपण मन मोठं ठेवावं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चिन्मय-मानसीबरोबर त्या गुणसूत्रांच्या डॉक्टरीणबाईंकडे. नाव प्रियदर्शिनी, फार तर तिशीची. पुढे काय करता येईल ते तिने नीट सांगितलं. गर्भ आधी तपासून ठेवता येतो, किंवा दिवस राहिल्यावर लवकर तपासणी करता येते. चांगलं मूल होण्याची आशा पुष्कळ आहे, हमी नाही. मानसीने सगळं वहीत लिहून घेतलं. चिन्मय तिच्या वहीत बघत होता. फोन खिशात.

मी मध्येच माझे खंड आणि फर्मे सांगितले. प्रियदर्शिनी पेन खाली ठेवून ऐकत राहिली. "आंटी, आप टीचर थे क्या?"

"नहीं. बाइंडिंग करते थे."

मग तिने आमच्या घराण्याचा तक्ता काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ह्यांच्या चौकोनावर तिरकी रेघ मारली. गेलेल्या माणसाला तशी मारतात. नको वाटलं ते.

"अंकल का पुराना रिपोर्ट?"

"मूसी में."

तिला कळायला वेळ लागला. मग म्हणाली, "तो एक बार आपका भी देख लेते, आंटी." आणि विचारलं, माझ्या आईला मुलं किती. म्हटलं दोन जगली, चार पोटातच गेली. उस जमाने में सबके जाते थे. तिने मान हलवली आणि चार छोटे त्रिकोण काढले.

उगीच सुई. पण पोरगी गोड बोलते, म्हणून हात पुढे केला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शिवरात्र. मानसीने प्रदक्षिणा घातली नाही. साबुदाण्याची खिचडी मात्र दोनदा घेतली. वन्संचा फोन नाही.

५ मार्च, बुधवार

रिपोर्ट. चिन्मयची मीटिंग होती. मानसी सुट्टी घेऊन माझ्याबरोबर आली.

प्रियदर्शिनीने कागद माझ्याकडे वळवून ठेवला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या ओळीने मांडलेल्या, अकराव्याशी एक बाण, बाविसाव्याशी एक. मी म्हटलं, "ये तो मेरे बेटे का है. मेरा दिखाओ."

"नहीं आंटी. नाम देखिए."

इंग्रजीतलं माझं नाव मला वाचता येतं. त्रिवेणी भगवंतराव.

"फिर उनका?"

"अंकल का नॉर्मल ही आया होगा, आंटी. मियाँ-बीवी दोनों में यही एक चीज... ऐसा होता नहीं, समझो."

मी एक पळवाट काढून बघितली. कागद इंग्रजीत असेल, ह्यांची गल्लत झाली असेल. पण त्या जुन्या डॉक्टरीणबाई सगळं उर्दूत समजावून सांगायच्या. आणि चार लिप्यांत पाठीवर सोन्याने नावं घालणाऱ्या माणसाला दोन कागदांवरची दोन नावं वेगळी ओळखता येत होती. आयुष्यात एका पुस्तकावर त्यांनी दुसऱ्याचं नाव घातलं नाही. एकदाच घातलं.

अकरा महिने माजून! उपाशीपोटी, डांबराच्या वासाचं. मी हसत होते.

चारदा म्हणून वर लिहिलंय. आज रिक्षात मोजलं तर सात निघाले. चिन्मय गणितात नापास झाला तेव्हा म्हटलं होतं, तुमचंच रक्त. शेवटचं हॉस्पिटलात, जायच्या दोन दिवस आधी. नळ्या लावलेल्या होत्या. मी दमले होते, चिडले होते. म्हटलं, तुमच्या घराण्यात धड म्हणून काही नाहीच. हे म्हणाले, "हौ, माझंच. जरा पाणी दे."

मानसी रिक्षात माझा हात धरून होती. "आई, खरंच, ह्यात कुणाचाच दोष नसतो."

"हौ," म्हटलं. "पण तेव्हा घरात असं म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. कुणाचं तरी नाव लागायचंच."

तिने विचारलं, "चिन्मयला मी सांगू, की तुम्ही सांगाल?"

"तू सांग. मला आधी दुसरीकडे जायचंय."

घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वहीही ह्यांनीच बांधलेली. वकीलसाहेबांपुढच्या 'माझ्या हातून झालं, साब'पर्यंत आले आणि मिटली.

६ मार्च, गुरुवार

नळाचं पाणी भरलं. बसने काचीगुड्याला गेले. वन्संना म्हटलं, तुमच्या भावात काहीही नव्हतं. ते माझ्याकडून आलं, माझ्याकडे माझ्या आईकडून, आणि त्यांना ते शहाऐंशीपासून ठाऊक होतं. डबा उघडून पाटल्या पुढे ठेवल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या, पाटल्यांकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मग त्यांनी हात पुढे केले. मी साबण लावून चढवल्या.